उभ्याउभ्या खायची करंजी

काही पदार्थ फक्त दुसऱ्याच्या घरी होतात. ते खायला आपण नवे कपडे घालून जायचं असतं. गोव्यातले कोळंबीचे रिसॉइश त्यातले पहिल्या नंबरचे. मैद्याची पातळ पारी, तिच्यात कोळंबी घातलेला घट्ट पांढरा सॉस, अर्धगोल घडी, मग ते सगळं अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं. बाप्तिस्मा, पहिला कुमगार (म्हणजे फर्स्ट कम्युनियन), साखरपुडा, रोस, लग्न, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, या प्रत्येक प्रसंगी ते असतात. (रोस म्हणजे तिथल्या कॅथलिकांची हळद. फक्त हळदीच्या जागी नारळाचा रस चोळतात.) पण मंगळवार आहे, पाऊस पडतोय, चला रिसॉइश करू, असं म्हणणारा माणूस गोव्यात मला भेटलेला नाही.

सत्तरच्या दशकात मडगावला आमच्या वाड्यावर निम्मी घरं कॅथलिकांची होती. त्यामुळे आमंत्रणांना तोटा नव्हता. तोटा होता तो माहितीचा. फिरत्या ट्रेमध्ये दोन जातींचे तळलेले पदार्थ असायचे. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या अंगावर पावाच्या चुऱ्याचा तोच सदरा. एक अर्धगोल, दुसरा लांबट. अर्धगोलात कोळंबी. लांबट ते क्रोकेत, आणि क्रोकेतात गोमांस. यजमानीण बिचारी हिंदू पाहुण्यांचा ट्रे वेगळा काढायची. पण ट्रे फिरवणारी पोरं म्हणजे तिचेच भाचे-पुतणे, आणि त्यांचं लक्ष बँडवर गाणाऱ्या मुलीकडे. म्हणून आमच्या आईने निघण्यापूर्वी उंबरठ्यावर आम्हा भावंडांना एकच नियम शिकवला होता : "अर्धा चंद्र दिसला तर घ्यायचा, लांबट दिसलं तर थँक्यू म्हणायचं." माझी भूमिती तिथे पक्की झाली. शाळेत बाईंनी अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ विचारलं की मला आधी भूक लागायची.

हा नियम सोमवारी मात्र कोलमडायचा. गोव्यातला हिंदू सोमवारी मासे खात नाही आणि चर्चला सोमवारचं काही वावडं नाही. सोमवारचं लग्न आलं की आम्ही केक आणि बटाट्याचे वेफर खात, हुतात्म्यांच्या चेहऱ्याने, समोरून जाणारे अर्धे चंद्र मोजत बसायचो. आई म्हणायची, देव बघतो. देव बघत असेलही. आमचं लक्ष ट्रेकडे होतं.

ट्रेचा प्रवास हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. स्वयंपाकघराच्या दारातून तो भरलेला निघतो आणि पहिल्या दहा पावलांत निम्मा होतो. कारण दाराशी अनुभवी काका लोक उभे असतात. हातात ग्लास, चेहऱ्यावर गंभीर भाव, विषय चर्चच्या छपराचा नाहीतर खाणमालकांचा. ट्रे आला की बोलणं न थांबवता, ट्रेकडे न बघता, हात अचूक अर्ध्या चंद्रावर पडतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ट्रे स्टेजजवळच्या खुर्च्यांपर्यंत, म्हणजे आमच्यापर्यंत, पोचेस्तोवर त्यात चार क्रोकेत आणि तेलाने पारदर्शक झालेला जाळीचा कागद उरलेला असायचा. मग एकच मार्ग : काका लोकांच्या पायांमधून जाऊन दाराशी उभं राहायचं, आणि कोणी विचारलं की "आईला पाणी हवंय" म्हणायचं. मिळालेल्यातला एक खायचा, दुसरा कागदी रुमालात गुंडाळून खिशात. घरी गेल्यावर आई खिसा बघायचीच नाही, चड्डीवरचा तेलाचा डाग बघायची.

माझ्या वडिलांना हे आमचे रिसॉइशही मान्य नव्हते. त्यांच्या मते खरे रिसॉइश लिबरेशनच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१च्या, आधीचे. पन्नासच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा पोर्तुगीज सरकारने सगळं बाहेरून आणलं. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. वडील तेव्हा तरुण, राष्ट्रवादी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या नावाने बोटं मोडणारे. पण पुढे कोणाच्या बाप्तिस्म्याला जाऊन आले की सुस्कारा टाकायचे, "स्वातंत्र्य आलं ते उत्तम झालं, पण सॉस पातळ झाला." आता मी माझ्या मुलीला सांगतो की खरे रिसॉइश १९७८च्या सुमाराचे. ती तिच्या मुलांना काय सांगेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

पोर्तुगालात हाच पदार्थ नाक्यावरच्या कॅफेत काचेच्या कपाटात थंड पडलेला असतो आणि माणसं तो तसाच थंड खातात. ब्राझीलमध्ये तो आहे. इंडोनेशियात त्याचा भाऊबंद आहे, पण तिथे पारी म्हणजे धिरडं, त्याची गुंडाळी करतात आणि रमझानात रोजा सोडताना खातात. एवढं जग फिरलेला पदार्थ पुण्यात मात्र पोचला नाही. लग्न करून मी पोचलो, तो राहिला.

त्याला आणायचं निमित्त मुलीच्या बढतीचं झालं. तिची ऑफिसची मंडळी घरी येणार होती. "स्टार्टर काय?" असा प्रश्न निघाला. आमच्या लहानपणी स्टार्टर फक्त ट्यूबलाइटला असायचा. बायको म्हणाली, मंचुरियन मागवू. मी म्हणालो, मी रिसॉइश करीन. बायको मूळची साताऱ्याची. तिच्या माहेरी मटण हे अन्न आहे, कोंबडी ही भाजी आहे आणि मासा ही अफवा आहे. ती म्हणाली, "करा की. पण गॅस तुम्ही पुसायचा."

आधी मावशीला मडगावला फोन लावला. तिच्या हातचे रिसॉइश शेजारची कॅथलिक बाईसुद्धा मान्य करते. मी वही-पेन घेऊन बसलो. मावशी म्हणाली, "पुता, मातशें मीठ, मातशी मिरसांग, दूद लागता तितलें." मी विचारलं, लागतं तितकं म्हणजे किती? ती म्हणाली, "हातान कळटा." माझ्या हाताला तेहतीस वर्षं बँकेत नोटा मोजून फक्त नोटा कळतात. मग मावसभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला आणि मोठी चूक झाली असं नव्हे, पण मोठी करमणूक झाली. सॉसमध्ये चीज घालावं की नाही, यावर दोन तट पडले. टोमॅटो घालणाऱ्यांना न घालणाऱ्यांनी साष्टीचे, म्हणजे मडगावाकडचे, नाहीतच म्हणून बाहेर काढलं. जायफळावर कॅनडातला भाऊ आणि म्हापशाची बहीण इतकी भांडली की एका जुन्या जमिनीचा दावा मध्येच वर आला. ग्रुपवर त्यानंतर कोणी सुप्रभातही टाकलेलं नाही.

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी लवकर गेलो. इथली कोळंबी बर्फात बसून, घाट चढून येते, त्यामुळे तिच्याकडे जरा दमलेली नजर असते; पण कवच चकचकीत आणि डोकं घट्ट असलं की चालते. कोळीणबाईने आधी टायगर दाखवली, तळहाताएवढी. मी म्हणालो, नको, लहान द्या. रिसॉइशसाठी मोठी कोळंबी घेणं ही निव्वळ ऐट आहे. तिचे तुकडेच करायचे असतात, आणि लहान कोळंबी गोडही जास्त. "बिर्याणी का?" तिने विचारलं. "नाही. उकडून, बारीक चिरून, दूध-मैद्याच्या सॉसमध्ये." तिने मापातून हात काढला आणि लहान मुलाला पळवणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "दुधात?" ती शेजारणीला म्हणाली, "ऐक गं, दुधात घालतायत." पैसे मात्र पूर्ण घेतले.

किलोभर कोळंबी सोलली, डोकी काढली, पाठीतला काळा दोरा ओढला की हाती जेमतेम अर्धा किलो राहते. उरलेला अर्धा किलो म्हणजे कवचं आणि डोकी. टाकली की पैसे गेले, म्हणून ती पाण्यात उकळून गाळून घ्यायची. सॉसची खरी चव त्या पाण्यात असते. अर्धं दूध, अर्धं हे पाणी. उकळताना जो वास सुटतो तो मडगावात वास नसतो, बातमी असते. आमच्या सोसायटीत तो तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर गेला आणि सेक्रेटरींचा फोन आला की ड्रेनेजचं काही काम चाललंय का.

सोलायला बसलं की एक गोष्ट नीट कळते. लहानपणीच्या त्या ट्रेमागे स्वयंपाकघरात पाच-सहा बायका आदल्या दिवसापासून पाटावर बसलेल्या असणार. आम्ही दाराशी उभं राहून दोन-दोन उचलत होतो तेव्हा आतलं एक माणूससुद्धा आम्हाला आठवत नाही. ट्रे आठवतो, जाळीचा कागद आठवतो, बँडवरची मुलगी तर फारच आठवते. तिसऱ्या पावशेरानंतर माझी बोटं सुजली, नखांत काटे गेले, आणि पाठीने तक्रार नोंदवली. बायकोने चहा आणून दिला, बाजूला बसली नाही.

मग पारी. एक वाटी पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर लोणी, खळखळून उकळी, आणि वाटीभर मैदा एकदम आत. गॅसवरच घोटत राहायचं, गोळा पातेल्याची कड सोडेपर्यंत. आमच्या शेजारच्या रत्नागिरीच्या वहिनी वास कसला हे बघायला आल्या होत्या. त्यांनी डोकावून निकाल दिला, "अहो, ही तर उकड!" आणि ती उकडच आहे. तांदळाच्या पिठाला गरम पाणी जे करतं तेच इथे मैद्याला करतं. पिठातला स्टार्च फुगून पाणी धरतो आणि मैद्याचा चिवटपणा बराच मरतो. म्हणून पारी लाटली की पुन्हा आखडत नाही. पोर्तुगीजांनी शोधलं असेल, फ्रेंचांनी शोधलं असेल, वहिनींच्या मते ते गणपतीपुळ्याहून गेलं. बायकोचा आक्षेप वेगळा होता : "पीठ शिजवायचं, मग मळायचं, मग लाटायचं, मग परत तळायचं? एका पिठाचा किती छळ!"

सॉसबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक सोडून. लोण्यात कांदा, हिरवी मिरची परतायची, मैदा घालायचा, दूध आणि कोळंबीचं पाणी थोडं थोडं ओतत घोटायचं, शेवटी कोळंबी, मिरपूड, लिंबू, कोथिंबीर. सांगण्यासारखं हे, की तो पिठल्यापेक्षा घट्ट हवा आणि पूर्ण गार हवा. कोमट सॉस पारीत भरला की पारी ओली होते, आणि तेलात गेल्यावर आतली वाफ जिथे पारी दुबळी तिथून बाहेर पडते. त्यानंतर कढईत जे होतं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. आमच्याकडे रात्रभरात त्यातला बराचसा ब्रेडला लावून मुलीने खाल्ला, तो हिशेब वेगळा.

वाटीने गोल कापायचे, मध्ये चमचाभर सॉस, घडी, कडा दाबायच्या. मी काट्याने दाबत होतो, पुस्तकात चित्र असतं तसं. पहिला घाणा टाकला. दोन शांतपणे तळले गेले, तिसरा फुस्स करून फाटला आणि पांढरा सॉस तेलात पसरून तडतडायला लागला. बायको इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. ती पुढे आली, माझ्या हातातला काटा काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "सरका."

तिच्या माहेरी दिवाळीत करंज्यांचे डबे भरतात. तिने दुधाचं बोट कडेवरून फिरवलं, घडी घातली, आतली हवा अंगठ्याने कडेकडे सारत बाहेर काढली आणि मगच कड मिटली. मग टोकापासून सुरुवात करून चिमटीने कड आत दुमडत, पुन्हा दुमडत, दोरीसारखी बारीक मुरड घालत गेली. ती मुरड बघत राहावी अशी होती. तिच्या हातचा एकही फुटला नाही. आत हवा राहिली की ती तेलात फुगते आणि शिवण उसवते, हे तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. गोव्याच्या काट्याने हे सांगितलं नव्हतं. "नुसत्या सारणात फरक," ती म्हणाली. "बाकी ही करंजीच आहे. फक्त हिला अंडं लावून नाटक केलंय."

ते नाटकही सोपं नाही. एक हात अंड्याचा, एक हात चुऱ्याचा, हा कायदा आहे. मोडला की बोटांवरच रिसॉइश तयार होतात. आणि दोन्ही हात भरले की दाराची बेल वाजते. त्या दिवशी गॅस सिलिंडरवाला आला. चुरा विकतचा नको. पाकिटातला भगव्या रंगाचा असतो आणि तळल्यावर शाळेच्या पताकांसारखा दिसतो. दोन दिवसांचा शिळा पाव कुरकुरीत वाळवून मिक्सरला लावावा. गोव्यात हे काम पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उरलेल्या पावावर होतं. पुण्यात बेकरीचा लादीपाव चालतो, जरा गोडसर लागतो, पण पुण्यात गोडसर काहीतरी मिळालं याचंच समाधान मानावं. तेलात चुऱ्याची चिमूट टाकावी. लगेच फेसाळून वर आली की तेल तयार. एका वेळी चार-पाचच सोडावे, नाहीतर तेल गार पडतं आणि चुरा ते पिऊन बसतो.

पाहुणे यायच्या आधी घरच्यांनी चव घ्यायची ठरलं. सासूबाई आलेल्या होत्या. आम्ही सगळे डायनिंग टेबलाला बसलो. ताटल्या मांडल्या, पाणी ठेवलं. आणि काहीतरी बिनसलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्याच्याबरोबर काय?" मी म्हणालो, याच्याबरोबर काही नसतं. "भाकरी नाही? रस्सा नाही?" त्यांनी एक मोडला, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. "कोळंबी कुठाय?" मी दाखवली. त्यांनी चष्मा लावून खात्री केली. बायकोने केचप काढला. मुलगी म्हणाली, छान आहे बाबा, पण जेवण कधी?

तेव्हा दोष कशात आहे ते लक्षात आलं. चव नेमकी होती. मावशीने फोटो बघून अंगठा पाठवला होता. दोष खुर्चीत होता. रिसॉइश बसून खायचा पदार्थच नाही. तो उभ्याने खायचा, डाव्या हातात ग्लास, उजव्यात कागदी रुमाल, तोंड भाजत असताना समोरच्याला "मग मुलाचं काय, बारावी ना?" असं विचारत, आणि उत्तर न ऐकता डोळा पुढच्या ट्रेवर ठेवत. ताटलीत मांडून समोर ठेवला की त्याची इभ्रत जाते. तो मिळाला पाहिजे, वाढला जाता कामा नये.

म्हणून संध्याकाळी मी टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या बेडरूममध्ये नेल्या, ट्रेवर जाळीचा कागद अंथरला आणि मेहुण्याला तो स्वयंपाकघराच्या दारातून फिरवायला उभं केलं. मुलीच्या ऑफिसातली ती पंचविशीतली पोरं आधी बावरली. दुसऱ्या फेरीला त्यांतले दोघे सहज म्हणून दाराकडे सरकले. तिसऱ्या फेरीला मी बघितलं तर पाचजण दाराशी, हातात ग्लास, चेहरे गंभीर, विषय हिंजवडीचा ट्रॅफिक. ट्रे आला, बोलणं न थांबता हात पडले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि सासूबाई? त्यांनी मोढा टाकला होता तो बरोब्बर ओट्याला लागून, ट्रे भरतो तिथे. त्यांनी भाकरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर घरच्या चौघांसाठी या भानगडीत पडू नका. चौघांपुरते रिसॉइश करणं म्हणजे श्रमांचा अपमान आहे. त्यापेक्षा गोव्यात आता कितीतरी बायका घरून तयार करून, गोठवून, डझनाने विकतात, ते आणा. घरीच करायचे असतील तर शंभर करा. चुरा लावून, न तळता, एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरून गोठवा आणि लागतील तेव्हा बर्फ न उतरवता सरळ मध्यम गरम तेलात सोडा. सोलायला माणसं बोलवा, मुरड घालायला करंजीवाली घरंदाज बाई बघा, आणि वार बघून ठरवा, सोमवार नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताजी कोळंबी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. म्हणजे बेत मे महिना संपायच्या आत उरकायला हवा. मी मेमध्ये पुण्यातच असतो.